मीडिया मॉनिटरिंगवरचा सरकारी खर्च: दर विचारला तर ‘व्यावसायिक गुपित’ असे उत्तर आले, पुढे काय करावे?

धंतोलीकर (प्रश्न)

नमस्कार. नागपुरातल्या एका सार्वजनिक कार्यालयाच्या संकेतस्थळावर दर महिन्याच्या देयकांची यादी प्रसिद्ध होते. अपील अजून करायचे असल्यामुळे कार्यालयाचे नाव येथे देत नाही. आमच्या गल्लीतल्या गटाराच्या कामाचे बिल निघाले की नाही हे पाहण्यासाठी मी ती यादी चाळत होतो, तेव्हा ‘माध्यम संनियंत्रण व विश्लेषण सेवा’ (म्हणजे कार्यालयाविषयीच्या बातम्यांवर लक्ष ठेवण्याची सेवा) अशी एक नोंद दिसली. मागच्या महिन्यांच्या याद्या उघडल्या, तर तीच नोंद, त्याच सहा आकडी रकमेची, ओळीने अकरा महिने सापडली. गटाराचे बिल मात्र कुठेच नव्हते, पण तो विषय वेगळा.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज करून तीन गोष्टी मागितल्या: करारनाम्याची प्रत, दराचा तपशील आणि कोणत्याही एका दिवसाच्या अहवालाचा नमुना. अठ्ठाविसाव्या दिवशी साडेतीन ओळींचे उत्तर आले. ‘मागितलेली माहिती त्रयस्थ पक्षाच्या व्यावसायिक गुपितांशी निगडित असल्याने कलम ८(१)(ड) अन्वये देता येत नाही,’ एवढेच त्यात होते. खाली सही आणि शिक्का.

राज्य शासनाने मार्च २०२५ मध्ये माहिती व जनसंपर्क महासंचालनालयामार्फत मीडिया मॉनिटरिंग सेंटर उभारण्याचा निर्णय घेतला आणि त्यासाठी १० कोटी रुपयांची तरतूद केली, हे आपण सर्वांनी वाचलेच आहे. सकाळी ८ ते रात्री १० अशी त्या केंद्राची वेळ सांगितली गेली. ही रक्कम एका वर्षाची धरली, तर दिवसाला सुमारे २ लाख ७४ हजार आणि तासाला साडेएकोणीस हजार रुपये होतात. तो निर्णय निदान जाहीर तरी झाला. माझ्यासमोरची नोंद लहान आहे, पण अशा लहान नोंदी किती कार्यालयांत असतील याचा अंदाज बांधता येत नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. पहिला, कार्यालयाला वर्तमानपत्र वाचायला बाहेरची कंपनी खरोखर लागते का, आणि त्या पैशाच्या बदल्यात नेमके काय मिळते? दुसरा, दर सांगण्यास दिलेला हा नकार कायद्यात टिकतो का?

जुना_कात्रणवाला

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मी देऊ शकतो, कारण विदर्भातल्या दोन जिल्ह्यांच्या माहिती कार्यालयांत मी एकोणीस वर्षे कात्रणे कापली आहेत. पहाटे साडेपाचला गठ्ठा यायचा. मराठीबरोबर हिंदी आणि इंग्रजीही असायची, कारण नागपूर विभागात नुसती मराठी वर्तमानपत्रे वाचून भागत नाही. ‘नवभारत’ आणि ‘हितवाद’ वाचणारा वाचक वेगळा आणि त्यांतली तक्रारही पुष्कळदा वेगळी. साहेबांनी किंवा मी लाल पेन्सिलीने बातमीभोवती चौकट करायची, मग कात्री, मग डिंक, मग फूलस्केप कागद. कागदाच्या डोक्यावर वर्तमानपत्राच्या नावाचा रबरी शिक्का, त्याखाली तारीख आणि पान क्रमांक. साडेआठच्या आत तो संच शिपायाबरोबर जिल्हाधिकाऱ्यांच्या बंगल्यावर गेला पाहिजे, असा शिरस्ता होता. पावसाळ्यात डिंक वाळायचा नाही, कागद एकमेकांना चिकटायचे आणि ते वेगळे करताना नेमकी महत्त्वाचीच बातमी फाटायची.

हे काम निरुपयोगी होते असे मी म्हणणार नाही. आमच्याकडे एक नोंदवही असे: अनुक्रमांक, वृत्तपत्र, दिनांक, पान, विषय, संबंधित विभाग, आणि शेवटचा रकाना ‘खुलासा अथवा केलेली कार्यवाही’. एकदा आतल्या पानावर, तालुका वार्ताहराची चार ओळींची बातमी होती की एका गावातला एकमेव हातपंप तीन आठवडे बंद आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी कात्रणाच्या समासात ‘आजच पाहावे’ असा शेरा मारला, कागद पाणीपुरवठ्याकडे गेला आणि पाचव्या दिवशी ‘पंप दुरुस्त, सरपंचाची पोच सोबत’ असे लिहून परत आला. तो शेवटचा रकाना भरणे हे माझे काम होते आणि तो रिकामा राहिला तर महिनाअखेरीला मला विचारणा व्हायची.

हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत तर कात्रणांशिवाय पान हलत नसे. सिव्हिल लाइन्समध्ये सभागृहाचे कामकाज सुरू होण्याआधी सकाळच्या बातम्या मंत्र्यांच्या कार्यालयांत पोहोचवाव्या लागत, कारण त्याच बातम्यांवरून दुपारी लक्षवेधी सूचना यायच्या आणि विभागाला उत्तर तयार ठेवावे लागे. तेव्हा गरज आहे की नाही, तर आहे. मात्र त्यासाठी माझा पगार, दोन कात्र्या आणि डिंकाची बाटली एवढाच खर्च होता, हेही नोंदवून ठेवतो.

रात्रपाळी

उरलेले अर्धे उत्तर माझ्याकडे आहे. अशाच सेवा देणाऱ्या एका खासगी कंपनीच्या नागपूर शाखेत मी अडीच वर्षे रात्रपाळी केली. कंपनीचे नाव सांगण्याची गरज नाही, कारण जे सांगणार आहे ते या धंद्यात सर्रास चालते.

कार्यालय कंपनीला शोधशब्दांची यादी देते: कार्यालयाचे नाव, प्रमुख अधिकाऱ्यांची नावे, चालू योजना, वादाचे विषय. पहाटे अडीच-तीनपासून ई-पेपर उतरवले जातात, यंत्र त्यांतला मजकूर ओळखते आणि शोधशब्द जिथे जिथे सापडतो ते तुकडे आमच्या पडद्यावर येतात. मराठी जोडाक्षरांवर यंत्र अडखळते, त्यामुळे निम्मे काम डोळ्यांनीच करावे लागते. ‘मनपा’ हा शोधशब्द ठेवला, तर निविदा सूचनेपासून ‘मनपा शाळेसमोर दोन खोल्या भाड्याने देणे आहे’ या छोट्या जाहिरातीपर्यंत सारे काही जाळ्यात येते. ते निवडून फेकायचे, उरलेल्याला हिरवा, लाल किंवा राखाडी रंग द्यायचा आणि साडेसहाला अहवाल पाठवायचा. आकारणी बहुधा मासिक ठोक रकमेची असते; शोधशब्द किती, वर्तमानपत्रे आणि वाहिन्या किती, समाजमाध्यमे धरायची की नाही, यावर ती ठरते.

आता खरी गंमत रंगांची. समजा, कार्यालयाने काल सायंकाळी प्रसिद्धीपत्रक पाठवले की अमुक योजनेत अमुक इतक्या लाभार्थ्यांना लाभ दिला. सात वर्तमानपत्रांनी ते काना-मात्रा न बदलता छापले. आमच्या अहवालात सात हिरव्या बातम्या. म्हणजे कार्यालयाने स्वतःच लिहिलेला मजकूर छापून आला, हे सांगण्यासाठी कार्यालयच आम्हाला पैसे देत होते. त्यापुढे ‘प्रसिद्धीमूल्य’ नावाचा रकाना येतो. बातमीने १२० चौरस सेंटिमीटर जागा घेतली आणि त्या पानाचा जाहिरात दर समजा चौरस सेंटिमीटरला ३०० रुपये असला, तर ३६ हजार झाले. सात ठिकाणचे मिळून अडीच लाख. बातमी जाहिरातीपेक्षा विश्वासार्ह असते, असे कारण देऊन काही ठिकाणी त्याला तीनने गुणतात आणि साडेसात लाखांचे मूल्य सेवेने ‘मिळवून दिले’ असा आलेख महिनाअखेरीच्या बैठकीत झळकतो. वस्तुतः या क्षेत्रातल्याच व्यावसायिकांनी २०१० मध्ये बार्सिलोना येथे ठरवलेल्या तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे की जाहिरात दरावरून काढलेली किंमत हे जनसंपर्काचे मूल्य नव्हे. तरीही माझ्या अडीच वर्षांत एकाही ग्राहकाने तो रकाना काढायला सांगितला नाही.

लाल रंगाची गोष्ट उलट. फुटाळ्याकडच्या रस्त्यावरचे दिवे बंद असल्याची बातमी आली की ती लाल. दुसऱ्या दिवशी दिवे लागले, तर त्याची बातमी कोण छापणार? त्यामुळे अहवालात लाल तसाच राहतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्या काळात कुठल्या गल्लीत अजून गाळ आहे आणि कुठे वीज नाही, हे बातम्यांतूनच कळत होते. आमच्या पद्धतीत त्या साऱ्या बातम्या नुसत्या ‘नकारात्मक’ ठरल्या असत्या, कारण ‘कोणता विभाग, कोणता प्रभाग, आज काय करता येईल’ असा रकानाच आमच्याकडे नव्हता. कात्रणवाल्या काकांच्या नोंदवहीतला शेवटचा रकाना वाचून मला थोडे ओशाळल्यासारखे झाले, हे कबूल करतो. आम्ही तो रकाना काढून तिथे रंग भरला.

तेव्हा धंतोलीकर, तुम्ही केवळ दर विचारून थांबू नका. कंपनी काय विकते ते मी सांगितलेच; कार्यालयाने त्याचे पुढे काय केले, हे फक्त कार्यालयाच्या नस्तीत, म्हणजे फाइलमध्ये, सापडेल.

अपीलार्थी

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. मी वकील नाही, मात्र गेल्या काही वर्षांत बरीच अपिले चालवली आहेत.

कलम ८(१)(ड) हे नुसते ‘व्यावसायिक गुपित’ एवढे दोन शब्द लिहून लावता येत नाही. माहिती उघड केल्याने त्रयस्थ पक्षाच्या स्पर्धात्मक स्थानाला हानी पोहोचेल, हे त्या कलमात अभिप्रेत आहे, आणि ती हानी होत असली तरी व्यापक लोकहितासाठी माहिती देता येते, असेही त्याच कलमात लिहिले आहे. कंपनीचे आतले सॉफ्टवेअर कसे चालते हे कदाचित गुपित असेल; सरकारी तिजोरीतून दिलेला आणि तुम्ही म्हणता त्याप्रमाणे देयकांच्या यादीत आधीच छापलेला आकडा गुपित कसा राहील? ८(१) च्या शेवटी २०२५ पर्यंत असलेले परंतुक (‘परंतु’ने सुरू होणारी अट) तर आपल्या नागपूरकरांना विशेष जवळचे वाटावे: जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. आता त्या परंतुकावर विसंबता येत नाही, पण तर्क उरतोच: डिसेंबरात येथेच एखाद्या आमदाराने तारांकित प्रश्न विचारला, तर दराचे उत्तर सभागृहाच्या पटलावर येईल. मग तो आकडा तुम्हाला का नको?

शिवाय तीन उणिवा त्या उत्तरातच दिसतात. कलम ७(८) प्रमाणे नाकारण्याची कारणे, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील कळवणे बंधनकारक आहे. तुमच्या साडेतीन ओळींत शेवटच्या दोन गोष्टी नाहीत. कलम १० प्रमाणे करारातला काही भाग खरोखर गोपनीय असेल तर तेवढा झाकून उरलेला द्यायचा असतो. येथे सरसकट नकार आहे. आणि त्रयस्थ पक्षाचे नाव पुढे केले असेल, तर कलम ११ प्रमाणे कंपनीला नोटीस दिली होती का, तिचे म्हणणे काय आले, हे विचारा. बहुतेक वेळा नोटीसच गेलेली नसते.

प्रथम अपील उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत करा, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे माहिती अधिकाऱ्यावर आहे, तुमच्यावर नाही, हे अपिलात लिहून ठेवा. तिथे न्याय मिळाला नाही, तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरे अपील करता येते, तेथे तारीख मिळेपर्यंत मात्र धीर धरावा लागतो.

खर्चाचा माग काढायचा असेल, तर राज्याच्या अर्थसंकल्पात ‘माहिती व प्रसिद्धी’ हे २२२० क्रमांकाचे मुख्य लेखाशीर्ष आहे. पण अडचण अशी की महामंडळे, महानगरपालिका, विकास प्राधिकरणे यांचा असा खर्च त्या शीर्षाखाली येतच नाही. तो कार्यालयीन खर्चात किंवा सल्लागार सेवांत मिसळलेला असतो. एकूण बेरीज कोणालाच दिसत नाही, ती यामुळे.

बातमीदार_विदर्भ

वरची चर्चा उपयुक्त आहे, पण ती सारी जमाखर्चाभोवती फिरते आहे. मी ज्या बाजूला बसतो, तिथून हा विषय वेगळा दिसतो.

माध्यमांवर लक्ष ठेवणाऱ्या सगळ्या सरकारी यंत्रणा एका मापाने मोजू नयेत, हे मला मान्य आहे. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाचे इलेक्ट्रॉनिक मीडिया मॉनिटरिंग सेंटर २००८ पासून आहे. वाहिन्या केबल कायद्याखालची कार्यक्रम व जाहिरात संहिता पाळतात का, हे ते पाहते. निवडणुकीत जिल्हाधिकारी कार्यालयात माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती बसते आणि पेड न्यूज शोधून तिचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरायला लावते. या दोन्ही ठिकाणी मोजमापाला नियम आहे, मग तो कोणाला आवडो न आवडो. शासनाची प्रतिमा कशी दिसते हे पाहणाऱ्या सेवेला असा कोणता नियम आहे? मार्च २०२५ च्या निर्णयात दिशाभूल करणारी बातमी आढळल्यास तातडीने वस्तुस्थिती मांडण्याची गोष्ट होती. वस्तुस्थिती जरूर मांडावी, ती आम्ही छापतोही. पण दिशाभूल झाली हे ठरवणारा आणि ज्याच्याविषयी बातमी आहे तो, हे दोघे एकच असतील तर?

हा प्रश्न न्यायालयांपुढे वेगवेगळ्या रूपांत येऊन गेला आहे. केंद्राने २०१८ मध्ये समाजमाध्यमांवरच्या मजकुरावर लक्ष ठेवणाऱ्या सोशल मीडिया कम्युनिकेशन हबसाठी निविदा काढली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर तीव्र शंका व्यक्त केल्यानंतर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मागे घेतली गेली. केंद्र सरकारविषयीचा मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा ठरवण्याचा अधिकार सरकारच्याच सत्यशोधन कक्षाला देणारी माहिती तंत्रज्ञान नियमांतली २०२३ ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयात गेली, जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाला, आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी ती घटनाबाह्य ठरवली. चांदूरकर साहेबांनी वकिलीची बरीच वर्षे आपल्या नागपुरातच काढली, हे जाता जाता. मॉनिटरिंग सेंटर कोणाचा मजकूर काढायला लावत नाही, त्यामुळे हे निकाल त्याला जसेच्या तसे लागू होतात असे माझे म्हणणे नाही. फरक मला कळतो. मात्र बातम्यांचे वर्गीकरण विभाग आणि विषयांबरोबर व्यक्तीनुसारही होऊ लागले, की कोणत्या बातमीदाराच्या नावापुढे किती लाल खुणा आहेत हा तक्ता एका क्लिकवर तयार होतो. ज्या महासंचालनालयाकडे जाहिराती वाटण्याचे काम आहे, त्याच्याकडेच हा तक्ताही असणार.

आणि काका, रागावू नका, पण तुमच्या काळातही ती नोंदवही फक्त हातपंपांसाठी नव्हती. ‘हा वार्ताहर कोण, कोणाचा माणूस?’ असे शेरे समासात मारलेले मी पाहिले आहेत.

जुना_कात्रणवाला

रागावण्यासारखे काही नाही. असे शेरे असत. एकदा तर मलाच वार्ताहराचे घर कुठे आहे ते विचारले होते आणि मी ठाऊक नाही म्हणून सांगितले, जरी ते महाल भागातल्या आमच्या वाड्यासमोरच होते. पण त्या शेऱ्याखाली कोणाची तरी आद्याक्षरी असायची. पडद्यावरच्या लाल खुणेखाली कोणाची सही असते, ते रात्रपाळीवाल्यांनी सांगावे.

रात्रपाळी

कोणाचीच नाही. पहाटे चार वाजता डोळे चोळत मी दिलेला रंग असायचा तो.

धंतोलीकर

सर्वांचा आभारी आहे. अपील आज लिहिले. कलम ७(८), १० आणि ११ तिन्ही घातली आहेत आणि देयकांच्या यादीचे छापील पान जोडले आहे.

त्याबरोबर नवा अर्जही करतो आहे. एक विषय आणि १५० शब्द ही आपल्या राज्याच्या नियमांतली मर्यादा पाळायची असल्यामुळे बरीच काटछाट झाली. मागणी आता अशी आहे: गेल्या ११ महिन्यांत सदर सेवेकडून प्राप्त झालेल्या अहवालांच्या आधारे ज्या प्रकरणांत नस्ती सुरू करण्यात आली, त्यांची यादी, प्रत्येक प्रकरणी केलेल्या कार्यवाहीचा दिनांक, अशी यादी ठेवली जात नसल्यास तसे लेखी कळवावे, तसेच अहवालातील बातम्यांपैकी कार्यालयाच्या स्वतःच्या प्रसिद्धीपत्रकांवर आधारित बातम्या वेगळ्या मोजल्या जातात काय, आणि बातमीदारांच्या नावानिशी नोंद ठेवली जाते काय. शेवटचा मुद्दा ‘होय किंवा नाही’ या स्वरूपाचा असल्यामुळे तो माहिती या व्याख्येत बसत नाही असे म्हणतील, अशी शंका आहे. म्हणून ‘अशा नोंदीच्या नमुन्याची कोरी प्रत’ असे शब्द घातले. मोजून १४३ शब्द झाले.

स्टॅम्पसाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारात गेलो होतो. विक्रेत्याकडे विसाचा शिल्लक नव्हता, त्यामुळे दहाचे तीन घेतले: दोन अपिलाला, एक नव्या अर्जाला. उत्तर आले की येथेच कळवतो.